पॅकमधून पथकात गेल्यावरचे पहिले सहा आठवडे

गेली अकरा वर्षे मी स्काऊट चळवळीतल्या लहान मुलांच्या कब विभागात 'अकेला', म्हणजे पॅकची (कबच्या गटाची) प्रमुख, म्हणून काम पाहते आहे. दर वर्षी माझ्या पॅकमधली चार-पाच मुले वयाने मोठी होऊन स्काऊट पथकात जातात, आणि पहिली कितीतरी वर्षे त्यांच्या निरोपाच्या दिवशी माझे काम संपले असेच मी धरून चालले होते. एका वर्षी मात्र पाच मुले एकदम वर गेली आणि पुढच्या निरोप समारंभाची वेळ येईपर्यंत त्यांतले एकच मूल पथकात उरले होते. ही पाचही मुले माझ्याकडे असताना एकही बैठक न चुकवणारी होती. पाऊस असो, परीक्षा असो, गणवेश घालून ती वेळेच्या आधी हजर असायची. अशा मुलांपैकी चार जण वर्षाच्या आत स्काऊटिंगच सोडून देतात, याचा अर्थ दोष मुलांमध्ये नसून आपण त्यांना ज्या पद्धतीने वर पाठवतो त्या पद्धतीत असला पाहिजे, हे मला त्या वर्षी प्रथम जाणवले.

मी त्या चौघांना एकेक करून भेटले आणि का सोडले हे विचारले. एकाने फुटबॉलचे प्रशिक्षण सुरू केले होते व तो त्यात मनापासून रमला होता, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. मुलाची आवड बदलणे हे काही आपले अपयश नव्हे. उरलेल्या तिघांची उत्तरे मात्र मी अजून विसरलेले नाही. एक मुलगी म्हणाली, "अकेला, तिथे मला काही कामच नव्हतं." दुसरा म्हणाला की त्याला रीफ नॉट (दोन टोके जोडण्याची सोपी गाठ) पुन्हा पहिल्यापासून शिकवली. तिसऱ्याने बराच वेळ काही सांगितलेच नाही, आणि मग हळूच विचारले, "शिबिरात रात्री तंबूबाहेर एकट्याला जावं लागतं का?" मोठ्या मुलांनी त्याला काहीतरी सांगून घाबरवले होते आणि खरे काय ते विचारण्याइतके जवळचे माणूस त्याला पथकात कोणी नव्हते.

कार्यक्रम कंटाळवाणा होता, अभ्यास वाढला किंवा लीडर कडक होते, अशी कारणे आपण मोठी माणसे एकमेकांना सांगत असतो. त्या तिघांपैकी एकानेही त्यांतले एकही कारण दिले नाही. तिघांनी तीन निरनिराळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली होती, ती म्हणजे कालपर्यंत आपल्याला इथे जी जागा होती, ती आता राहिलेली नाही.

पॅकमधल्या शेवटच्या वर्षाचे मूल कसे असते ते आठवून पाहावे. बहुधा ते आपल्या सिक्सचे, म्हणजे पॅकमधल्या छोट्या गटाचे, सिक्सर म्हणजे नायक असते. गोलात कोणी कुठे उभे राहायचे ते त्याला ठाऊक असते, ध्वजाची दोरी कोणत्या बाजूने ओढली की अडकत नाही हे त्याला माझ्यापेक्षा चांगले कळते, आणि नवीन आलेल्या लहानग्याच्या स्कार्फचा वॉगल (गळ्याशी अडकवायची कडी) सैल झाला तर तो न सांगता पुढे होऊन नीट करतो. लहान मुले कौतुकाने त्याच्या तोंडाकडे पाहत असतात. सुटी संपते आणि पुढच्याच आठवड्यात हे मूल अशा ठिकाणी जाते, जिथे ते सर्वांत लहान असते, उंचीने सर्वांत कमी असते, तिथल्या शिट्टीचे अर्थ त्याला माहीत नसतात, आणि पेटीतली कुऱ्हाड बाहेर काढली की "तू जरा मागे हो" असे त्याला सांगितले जाते. कुऱ्हाडीपासून त्याला दूर ठेवणे योग्यच आहे. पण मागे झाल्यावर त्याने करायचे काय, हे कोणी सांगत नाही. आमच्या शेजारच्या पथकाची बैठक पाहायला मी गेले होते, तेव्हा मला तसाच एक मुलगा दिसला. दोरीचे एक टोक हातात धरून तो भिंतीला टेकून उभा होता. पाऊण तास त्याने ते टोक बोटाभोवती गुंडाळले आणि सोडले, पुन्हा गुंडाळले आणि सोडले. त्याला कोणी रागावले नाही, चिडवले नाही, तिथली सगळी माणसे चांगली होती. तरी घरी जाताना तो मुलगा पुढच्या आठवड्यात येणार नाही, हे मला दिसत होते.

या बदलाच्या मुळाशी रचनेतला एक मोठा फरक आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय उपाय नीट सुचत नाहीत. कब विभाग मोठ्या माणसांच्या हातात असतो. अकेला, बल्लू, बगीरा ही नावे घेतलेली माणसे गोष्ट सांगतात, खेळ लावतात, आणि मुले त्या गोष्टीच्या आत राहून शिकतात. स्काऊट पथक मात्र पॅट्रोलवर चालते. सहा ते आठ मुलांचे एक पॅट्रोल, त्याचा नायक तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा किंवा मुलगी, आणि सर्व पॅट्रोल लीडर एकत्र बसून निर्णय घेतात ते कोर्ट ऑफ ऑनर. तिथे स्काऊटमास्टर, म्हणजे पथकाचे प्रौढ प्रमुख, मागच्या बाजूला उभे असतात व तसेच उभे राहणे हेच त्यांचे काम असते. याचा अर्थ असा की दहा वर्षांचे जे मूल कालपर्यंत एका प्रौढ माणसाच्या नजरेखाली होते, ते एका रात्रीत चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती जाते. ही व्यवस्था चुकीची आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही, उलट स्काऊटिंगचा प्राण तीच आहे असे मी मानते. परंतु चौदा वर्षांच्या त्या मुलाला आपण नव्याचे स्वागत कसे करायचे हे शिकवलेले नसते, आणि दहा वर्षांच्या मुलाला इथून पुढे काही अडले तर प्रथम पॅट्रोल लीडरला विचारायचे हे सांगितलेले नसते. म्हणून ते लहान मूल सवयीने मोठ्या माणसाकडे पाहते, मोठे माणूस नियमाने बाजूला उभे असते, आणि दोघांच्या मध्ये मूल हरवते.

ब्रीदवाक्येही बदलतात, आणि हा बदल आपण समजतो तितका किरकोळ नाही. कबला आपण सांगतो की तुझ्याकडून होईल तेवढे उत्तम कर. प्रयत्न प्रामाणिक असला की कबला शाबासकी मिळते, मग गाठ सुटली तरी चालते. स्काऊटला आपण सांगतो की तयार राहा. तिथे गाठ टिकली पाहिजे, कारण तिच्यावर तंबू उभा असतो. वर गेलेल्या मुलाची पहिली गाठ सुटते तेव्हा त्याला पूर्वीप्रमाणे शाबासकी मिळत नाही. आपण काही गुन्हा केला असे त्याला वाटते, आणि मापच बदलले आहे हे त्याला कोणी समजावून दिलेले नसते. मी आता शेवटच्या दोन महिन्यांत माझ्या मोठ्या कबना हा फरक स्पष्ट शब्दांत सांगते, आणि मुलांना तो आश्चर्य वाटावे इतका चटकन कळतो. "म्हणजे आता आम्ही खरं खरं करायचं," असे एका मुलीने म्हटले होते.

हे दोन विभाग इतके वेगळे का ठेवले, हा प्रश्न मला पूर्वी पडत असे. 1907 च्या ऑगस्टमध्ये स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर जे पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, त्यात सुमारे वीस मुले चार पॅट्रोलमध्ये विभागलेली होती, आणि त्यांच्याबरोबर बेडन-पॉवेल यांचा नऊ वर्षांचा पुतण्याही होता. म्हणजे लहान भावंडांचा प्रश्न चळवळीच्या पहिल्या दिवसापासूनच सोबत होता. पुढे मोठ्या भावांचे पाहून लहान मुले पथकांच्या दारात येऊन उभी राहू लागली. त्यांना आत घेतले तर मोठी मुले नाराज होत आणि परत पाठवावे तर लहानांचे डोळे भरून येत. त्यातून 1916 मध्ये 'वुल्फ कब' हा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि किपलिंग यांच्या 1894 मधल्या 'जंगल बुक'मधले मोगली व लांडग्यांचा कळप त्याला पार्श्वभूमी म्हणून मिळाले. गणवेश वेगळा, सलाम वेगळा, वचन वेगळे. मुलींच्या बाजूलाही तसेच झाले. लहान मुलींचा गट 1914 मध्ये 'रोझबड्स' म्हणून सुरू झाला, पण मुलींना ते नाव आवडले नाही आणि त्याचे 'ब्राउनी' झाले. मुलींचे म्हणणे ऐकून नाव बदलण्यात आले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. विभाग वेगळे ठेवण्याचा हेतू असा की मोठ्यांना आपण पोरखेळात अडकलो असे वाटू नये, आणि लहानांना पुढे काहीतरी वाट पाहण्याजोगे उरावे. भिंत बांधली ती दोन्ही बाजूंच्या मुलांच्या भल्यासाठी, पण त्या भिंतीला दार असते आणि दारातून नेण्याचे काम कोणाचे तरी असते, इकडे आपले दुर्लक्ष झाले. मोगलीच्या कथेतही तो जंगल सोडून जातो, तेव्हा बल्लू आणि बगीरा त्याचा निरोप घेतात. या चौकटीत निघून जाणे पहिल्यापासूनच आहे.

निरोपाचा समारंभ बहुतेक ठिकाणी सुंदर होतो. पॅक गोल करून उभा राहतो, शेवटचा ग्रँड हाऊल (कबचा सामूहिक जयघोष) होतो, जाणारे मूल एकेकाशी हस्तांदोलन करून मधली रेषा ओलांडते आणि पलीकडे पॅट्रोल लीडर डावा हात पुढे करून त्याला आपल्यात घेतो. हे मी कधीही सोडणार नाही. तरीही मूल टिकणार की नाही हे त्या संध्याकाळी ठरत नसून त्यानंतरच्या साधारण सहा आठवड्यांत ठरते, असा माझा अनुभव आहे. म्हणून आम्ही, म्हणजे मी आणि आमच्या पथकाचे स्काऊटमास्टर, दोघांनी मिळून ते सहा आठवडे नव्याने आखले. त्यातला पहिला बदल असा की मूल एका दिवशी इकडचे तिकडे होत नाही. ब्रिटनमध्ये वर जाणाऱ्या मुलासाठी 'मूव्हिंग ऑन' नावाचा एक बॅज आहे, आणि तो मिळण्यासाठी मुलाने किमान तीन आठवडे जुन्या व नव्या अशा दोन्ही विभागांच्या कार्यक्रमांत भाग घ्यायचा असतो. आम्ही हीच कल्पना उचलली. तीन आठवडे मूल दोन्हीकडे येते. पॅकमध्ये ते अजून सिक्सर असते, त्यामुळे त्याचा मान शाबूत असतो, आणि पथकात ते पाहुणे असते, त्यामुळे काही येत नाही याची त्याला लाज वाटत नाही. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी शिट्ट्यांचे अर्थ, पाणी कुठे मिळते, पेटीची किल्ली कोणाकडे असते, आणि कोण कोणाला कोणत्या नावाने हाक मारते, हे सगळे त्याला कळलेले असते. अनोळखी जागेची भीती निम्मी याच बारीकसारीक गोष्टींची असते.

दुसरा बदल माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा ठरला, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. मूल पथकात जाण्याआधी पथकाने मुलाकडे यायचे, असे आम्ही ठरवले. ज्या पॅट्रोलमध्ये ते मूल जाणार, त्याचा पॅट्रोल लीडर दोन महिने आधीपासून महिन्यातून दोनदा आमच्या बैठकीला येतो. नुसता बघत बसत नाही, एखादा खेळ घेतो किंवा एक कौशल्य शिकवतो. अमेरिकेतल्या पद्धतीत मोठ्या स्काऊटला 'डेन चीफ' म्हणून कबच्या छोट्या गटाशी जोडून देतात, त्याच जातीची ही योजना आहे. याचा एक फायदा उघड आहे, तो म्हणजे मुलाला नव्या जागी एक ओळखीचा चेहरा मिळतो. दुसरा फायदा मला नंतर कळला. चौदा वर्षांच्या त्या मुलाने ज्याला शिकवले, त्याच्याबद्दल त्याला जबाबदारी वाटू लागते. आपल्या पॅट्रोलमध्ये एक कच्चा भिडू आला, असे त्याच्या मनात येत नाही. ज्या मुलीला आपण कंपास धरायला शिकवले ती येणार आहे, याची तो वाट पाहतो.

या भेटींसाठी पॅट्रोल लीडरना थोडे शिकवावे लागते. आम्ही त्यांच्याबरोबर दोन तास बसतो. नव्या मुलाला पहिल्या दिवशी नावाने हाक मारायची, त्याला स्वतःच्या शेजारी उभे करायचे, गाठ शिकवताना आपण उजव्या हाताने काम करणारे आणि शिकणाराही उजव्या हाताचा असेल तर समोर न बसता शेजारी बसायचे, म्हणजे दोघांचे हात एकाच दिशेने चालतात, अशा साध्या गोष्टी असतात. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठामपणे सांगितली जाते: नव्या मुलाची कोणतीही परीक्षा घ्यायची नाही, त्याला घाबरवायचे नाही, "आम्हालाही असंच केलं होतं" हे कारण चालणार नाही. गंमत म्हणून केलेल्या गोष्टीमुळे आम्ही एक मूल गमावले होते. तो प्रसंग त्या मुलाचे नाव न घेता मी प्रत्येक नव्या पॅट्रोल लीडरला सांगते, आणि सांगताना मला अजूनही वाईट वाटते.

मूल एकटे वर पाठवू नये. एकाच वयाची दोन-तीन मुले असतील तर त्यांना एकत्र पाठवावे, यासाठी एखाद्याला महिनाभर आधी किंवा नंतर जावे लागले तरी हरकत नाही. मात्र सगळ्यांना एकाच पॅट्रोलमध्ये कोंबू नये, कारण मग ती मुले आपसातच राहतात आणि पॅट्रोलच्या आत एक छोटा पॅक तयार होतो. आम्ही दोन-दोनच्या जोड्या करतो आणि कोणाबरोबर राहायचे हे मुलांना विचारतो. वयाची मर्यादा देशोदेशी वेगळी आहे, कुठे दहाव्या वर्षी वर जायचे असते, कुठे साडेदहाव्या, कुठे अकराव्या. पण वाढदिवसाच्या तारखेपेक्षा मुलाची तयारी पाहावी आणि नियमात जेवढी सवलत असेल तेवढी मोकळेपणाने वापरावी, असे मला वाटते.

आता त्या रीफ नॉटबद्दल. ज्या मुलाने आठव्या वर्षी उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर असे घोकत ती गाठ शिकली, दहाव्या वर्षी ती धाकट्या मुलांना शिकवली, त्याला वर गेल्यावर प्रवेशाच्या अभ्यासक्रमात पुन्हा तीच गाठ पहिला धडा म्हणून येते. शिकवणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो, त्याला वाटते की पाया पक्का करावा. मुलाला मात्र त्यातून एवढेच ऐकू येते की तू आजवर जे केलेस ते इथे मोजले जात नाही. यावर आम्ही शोधलेला मार्ग असा आहे की जुने कौशल्य तपासायचे असेल तर ते नव्या, मोठ्या कामाच्या आत तपासावे. मागच्या वर्षी वर गेलेली एक मुलगी पहिल्याच दिवशी हात धुण्याचे स्टँड बांधणाऱ्या पॅट्रोलमध्ये होती. पॅट्रोल लीडरने दोन काठ्या एकमेकींवर आडव्या-उभ्या धरल्या आणि तिला म्हटले, "सुरुवातीची क्लोव्ह हिच तू मार." काठीला दोरी अडकवण्याची ही गाठ तिला येत होती. तिने उभ्या काठीवर गाठ घातली, अंगठ्याने दाबून घट्ट केली आणि टोक मूळ दोरीभोवती पिळून घेतले. मग त्याने तिच्या हाताला दिशा देत दोरी एका काठीच्या वरून, दुसरीच्या मागून अशी तीन वेढ्यांनी फिरवून घेतली. त्यानंतर दोन्ही काठ्यांच्या मधून दोन वेढे घेऊन सगळी बांधणी आवळायची होती. तिथे तिची ताकद कमी पडली, तेव्हा त्याने दोरी स्वतःच्या काठीला गुंडाळून दोघांनी मिळून ओढली. शेवटची क्लोव्ह हिच पुन्हा तिनेच मारली. वीस मिनिटांत ती स्क्वेअर लॅशिंग (आडव्या-उभ्या काठ्यांची बांधणी) शिकली होती, क्लोव्ह हिच येते हे दोनदा सिद्ध झाले होते, आणि संध्याकाळभर सगळे पॅट्रोल त्या स्टँडवर हात धूत होते. जाताना तिने बांधणीवर हात ठेवून ती हलते का ते पुन्हा एकदा पाहिले.

ज्या मुलीने मला "तिथे काही कामच नव्हतं" असे सांगितले होते, तिच्या बोलण्याचा अर्थ मला हे पाहताना पूर्णपणे समजला. नव्या मुलाला पहिल्या दिवसापासून एक खरे काम हवे, आणि ते दर आठवड्याला त्याचेच असायला हवे. पॅट्रोलचा ध्वज आणणे, हजेरीची वही ठेवणे, प्रथमोपचाराच्या पेटीतल्या वस्तू मोजून संपलेल्या वस्तूंची नोंद करणे, दोऱ्या गुंडाळून जागेवर लावणे, अशी कामे प्रत्येक पॅट्रोलमध्ये असतात. कसोटी एवढीच की ते मूल आले नाही तर ते काम अडले पाहिजे. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, हे कळल्यावर मूल पावसातही येते, हे मी माझ्या सिक्सरांमध्ये वर्षानुवर्षे पाहिले होते. तोच नियम पथकातही लागू आहे, इतकी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

पहिल्या मुक्कामी शिबिराची भीती वेगळी हाताळावी लागते. तंबूबाहेर रात्री जावे लागते का, हा त्या मुलाचा प्रश्न आम्ही आता आधीच सोडवतो. पथकाचे मोठे शिबिर येण्यापूर्वी नव्या मुलांसाठी एका रात्रीचा मुक्काम ठेवतो, त्यात त्यांचेच पॅट्रोल असते आणि जागा माहितीची असते. उजेड असतानाच मुलांना शौचालयापर्यंतचा रस्ता चालून दाखवतो, मग अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जोडीने तोच रस्ता पुन्हा चालायला लावतो. रात्री जाग आली तर शेजारच्याला उठवायचे आणि दोघांनी जायचे, हा नियम मोठ्यांनाही लागू असतो, त्यामुळे तो लहानांना कमीपणाचा वाटत नाही. घरच्यांची आठवण येणे ही दुबळेपणाची खूण नाही, हे पॅट्रोल लीडरने स्वतःचा अनुभव सांगून सांगितले तर ते मुलाला जेवढे पटते, तेवढे माझ्या तोंडून कधीच पटत नाही.

पालकांशी बोलणेही गरजेचे आहे. कबच्या बैठकीनंतर मी दारात उभी राहून प्रत्येक आईवडिलांना दिवसभरात काय झाले ते सांगत असे. पथकात ते सांगणारे कोणी नसते, कारण आता मुलाने स्वतः सांगावे अशी अपेक्षा असते. पालकांना हे आधी कळले नाही, तर इथे कोणाचे लक्षच नाही असा त्यांचा समज होतो, आणि पहिल्यांदा मूल "आज नको" म्हणाले की ते सहज होकार देतात. म्हणून मी आणि स्काऊटमास्टर त्यांना एकत्र बसवून दोन गोष्टी सांगतो: पहिले सहा आठवडे मूल कुरकुर करील, ते स्वाभाविक आहे, आणि त्या काळात सोडण्याचा निर्णय घेऊ नका, पहिल्या मुक्कामानंतर मुलाशी शांतपणे बोलून मग ठरवा.

नवे मूल सलग दोन बैठकांना आले नाही तर फोन करायचा, आणि तो पॅट्रोल लीडरने करायचा. स्काऊटमास्टरांचा फोन आला की मुलाला आपण चुकलो असे वाटते. पॅट्रोल लीडरचा आला की आपली आठवण काढली असे वाटते. फोनवर "का आला नाहीस" असे विचारायचे नाही, पुढच्या आठवड्यात काय आहे आणि त्यात तुझे काम कोणते, तेवढे सांगायचे. हा फोन मुलाच्या पालकांच्या क्रमांकावर आणि त्यांना कल्पना देऊन होतो, हे सांगायला नकोच.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून चुकत आली होती आणि ती इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. मला मदत होते म्हणून मी काही मुलांना पॅकमध्ये वाजवीपेक्षा जास्त काळ ठेवून घेतले. चांगला सिक्सर वर गेला की त्याचा सिक्स महिनाभर विस्कळीत होतो, मग वाटते की अजून एक सहामाही राहू दे. ते मूल वरून आनंदी दिसते, पण मोगलीच्या गोष्टी ऐकताना त्याची नजर खिडकीबाहेर असते, आणि लहानांच्या खेळात ते मुद्दाम हरू लागते. असे मूल पथकात जाण्याच्या आधीच मनाने स्काऊटिंगमधून बाहेर पडलेले असते, आणि पुढे त्याने सोडले की आपण पथकाला दोष देतो. दोन मुलांच्या बाबतीत माझ्याकडून हे झाले आहे. आता मूल शेवटच्या वर्षात आले की पहिल्याच महिन्यात मी स्काऊटमास्टरांना त्याचे नाव कळवते, म्हणजे नंतर माझेच मन मला अडवू शकत नाही.

वर गेलेली मुले सुरुवातीला पुन्हा पुन्हा पॅकमध्ये डोकावतात. पूर्वी मी त्यांना लगेच एखादे काम देत असे, कारण मलाही ती हवी असत. आता मी त्यांच्याशी प्रेमाने बोलते, काय नवीन शिकलात ते विचारते, आणि बैठक सुरू झाली की त्यांना त्यांच्या पथकात पाठवते. एकदा एक मुलगा असाच आला आणि जाताना त्याने मला सलाम केला. आमच्याकडे कबचा सलाम अजून जुन्या पद्धतीने दोन बोटांचा आहे, लांडग्याच्या दोन कानांसारखा, आणि स्काऊटचा तीन बोटांचा. त्याचा हात दोन बोटांनी वर गेला, कपाळाशी थबकला, आणि मग तिसरे बोट उघडले.

येत्या महिन्यात तीन मुले वर जाणार आहेत. दोघांची जोडी ठरली आहे, आणि तिसरी मुलगी तिच्याच मोठ्या मैत्रिणीच्या पॅट्रोलमध्ये जाण्याचा हट्ट धरून आहे, तो मी पुरवणार आहे. त्या पॅट्रोलची लीडर काल आमच्या बैठकीला आली होती. लहानांचे खेळ चालू असताना ती कडेला उभी राहून त्या मुलीकडे बराच वेळ पाहत होती. मग माझ्याजवळ येऊन तिने विचारले, "अकेला, ती डावखुरी आहे ना? मग मी गाठी शिकवताना शेजारी बसू की समोर?" मी म्हटले, "समोर बस. आरशात दिसतं तसं तिला दिसेल." तिने खिशातली वही काढली आणि ते लिहून घेतले.